फिरती पेटी

"अगं, तुला नाही जाता येत तर पेटी येईल की तुझ्याकडे!" साफ्तामावशी म्हणाली. रविवार होता, साडेअकरा वाजत आले होते. साफ्तामावशी प्रार्थनेहून थेट जिना चढून आली होती, डोक्यावरचा रुमालसुद्धा सोडला नव्हता. एका हातात कागदात गुंडाळलेला प्रसादाचा पाव, दुसऱ्या हातात कोबीची दोन मोठी पानं, ओतिलियाच्या गुडघ्याला बांधायला. "कुठली पेटी, मावशी?" ओतिलियानं विचारलं, आणि विचारतानाच डावा पाय किंचित दुमडून घेतला, कारण चार दिवस तो दुखत होता. "मताची गं! फिरती पेटी. आजारी माणसांसाठी असते ती, घरोघर नेतात. मी शुक्रवारीच जुन्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आणली, अर्ज लिहिला आणि शाळेत नेऊन दिला. तुझी सहीसुद्धा मीच ठोकली, देव माफ करेल मला. तीन ते पाचच्या मध्ये येतील. तू उठायचंसुद्धा नाहीस, पलंगावरच पडून राहायचं. मी येते त्यांच्याबरोबर, घर दाखवायला." तिनं कोबीची पानं ओतिलियाच्या हातात कोंबली, गालाला हात लावला आणि म्हणाली, "आपल्या जिन्यातले चौदा झाले. तू पंधरावी. तुझ्या चुलत बहिणीला सांग, मार्गाला, तिनं तेवढं चालत जाऊन यावं, ती काय घोड्यासारखी आहे." मग ती समोरच्या आपल्या दारात शिरली, आणि ओतिलिया दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली. दार लावलं तरी पाय दुमडलेलाच होता. आता बघायला कोणी नव्हतं, तरी तो सरळ होईना.

काय अक्कल म्हणायची ही! मत द्यायला जायचं नाही म्हणून पाय मोडून घ्यायचा, आणि पायामुळेच मत घरी चालत यावं! दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर ओतिलिया पोट धरून हसली असती. प्रश्न एवढाच होता की घटनेत लग्न 'जोडीदारांचं' असं लिहिलंय, ते खोडून 'एका पुरुषाचं आणि एका बाईचं' असं लिहायचं का. हो किंवा नाही. शनिवार-रविवार दोन दिवस मतदान, आणि शंभरातले तीस तरी आले पाहिजेत, नाही तर सगळंच रद्द. हे तीस कळल्यावर ज्यांना हे नको होतं ते म्हणाले, आपण जायचंच नाही, घरी बसायचं. तिथंच सगळी पंचाईत झाली. एरवी माणूस पडद्याआड जातो, काय शिक्का मारायचा तो मारतो, बाहेर येऊन चेहरा कोरा ठेवतो. इथे पडद्याआड जाण्यापर्यंत गोष्ट येतच नव्हती. जो गेला तो एका बाजूचा, जो घरी बसला तो दुसऱ्या बाजूचा, आणि घरी कोण बसलंय हे ब्राइलासारख्या गावात, चार मजली इमारतीत, एका जिन्याच्या आठ दारांत कळायला कितीसा वेळ लागणार! साफ्तामावशी तर शनिवार सकाळपासून मोजत होती. तिच्या मनात कपट नव्हतं, ओतिलियाला ते पक्कं ठाऊक होतं. फादरनी सांगितलं होतं की शेजाऱ्याला आठवण करा, म्हणून ती आठवण करत होती. लसूण संपला तर द्यावा, तशीच. म्हणूनच बुधवारी जिन्यात तिनं "रविवारी बरोबरच जाऊ गं आपण तिघी" म्हटल्यावर ओतिलियाच्या तोंडून निघून गेलं होतं, "मावशी, माझा गुडघा... काल पायरीवरून घसरले." खोटं तिच्या तोंडून असं सहज निघायचं, श्वासासारखं. सवय होती.

स्वयंपाकघरात मार्गा मिरच्या भाजत होती. ऑक्टोबरमध्ये अख्ख्या जिन्याला भाजलेल्या लाल मिरच्यांचा आणि वांग्यांचा वास असतो, प्रत्येक घरात हिवाळ्याच्या बरण्या भरणं चाललेलं असतं. मार्गा काळ्या पडलेल्या मिरच्या उघड्या हातांनी सोलत होती. सव्वीस वर्षं ट्राम चालवून तिचे हात असे झाले होते की त्यांना काही भाजत नसे. "ऐकलं मी," ती मान वर न करता म्हणाली. "भिंत म्हणजे कागद आहे. मग? काय करणार?" ओतिलिया म्हणाली, "काय करणार म्हणजे? ते घरात येणार आहेत, मार्गा. आतल्या खोलीत." "येऊ देत. सांग, मी मत देणार नाही. चार शब्द. आभार, मावशी, या परत." "साफ्तासमोर?" "साफ्ता काय सिंहीण आहे? सत्तरीची म्हातारी आहे." ओतिलियाला साफ्ताची भीती वाटत नव्हती. तिला साफ्तानंतरची भीती वाटत होती. साफ्तानंतर दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण, शिंपिणीनंतर तिची सून, सुनेची मुलगी ओतिलियाच्या बालगीतवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहते. बत्तीस मुलं होती. सोमवारी दहा वाजता तास असे. एखादी आई दारात येऊन उभी राहील आणि काही न बोलता मुलीचा कोट घेऊन तिला घरी नेईल, मग दुसरी येईल. कोणी भांडणार नाही. भांडली असती तर बरं, पण ब्राइलातले लोक सभ्य आहेत, ते फक्त कोट घेऊन जातील. हे चित्र तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं की कोटांचे रंगसुद्धा तिला पाठ झाले होते.

'चुलत बहीण' हा शब्द पहिल्या दिवशी असाच निसटला होता. एकोणीस वर्षांपूर्वी मार्गा बरण्यांचं खोकं कवटाळून जिना चढत होती आणि साफ्तामावशी कठड्याशी उभी राहून म्हणाली होती, "नात्यातली का गं?" त्या वेळी अजून कायदा होता, दोन बायकांच्या प्रेमाला तुरुंग दाखवणारं कलम दोनशे. ते कागदावर मऊ झालं होतं म्हणे, पण ज्यांच्या अंगात ते एकदा शिरलं त्यांच्या अंगातून कागद बदलल्यानं थोडंच जातं! "चुलत बहीण," ओतिलिया म्हणाली होती, आणि खोक्यामागून मार्गाचा चेहरा दिसला नव्हता. मग त्या शब्दाला हळूहळू हातपाय फुटले. चुलत बहीण म्हटल्यावर आजोबा एक हवेत. मग आजोबा आले, नदीपलीकडे माचिनला, बोटीवर कामाला असलेले, मिशीवाले. मग आजोबांची एक गाय आली, मग एक पूर आला त्यात गाय वाहून गेली. मार्गा रात्री हसून लोळायची. "बिचारे आजोबा," म्हणायची, "जन्मलेच नाहीत आणि गाय मात्र बुडाली." पण हल्ली काही वर्षं ती हसत नसे. या वसंतात तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठ्या इस्पितळात खिडकीमागच्या बाईनं ओतिलियाला विचारलं होतं, "आपण कोण?" आणि ती सवयीनं बोलून गेली होती. चुलत बहिणीला काही सांगत नाहीत. सख्खा भाऊ आणा म्हणाले. मार्गाचा भाऊ, जो तिच्याशी आठ वर्षं बोलला नव्हता, माचिनहून नदी ओलांडून येईपर्यंत ओतिलिया वऱ्हांड्यात बाकावर बसून होती, आणि दारातून जी कोणी पांढऱ्या कपड्यातली बाहेर येई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. भावानं सही केली. भाऊच आत गेला. घरी आल्यावर मार्गा फक्त एवढंच म्हणाली होती, "डोळे उघडल्यावर मला त्याचं तोंड दिसलं." ओतिलियाला ते वाक्य अजून दिवसातून एकदा तरी ऐकू येत असे, भांडी विसळताना वगैरे.

"आपण असं करू," ओतिलिया आता म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच तास घेणाऱ्या बाईसारखा वाटला. "पियानोच्या खोलीत तुझी खाट घालू." घडीची खाट दारामागे उभी असायची, तिच्यावर रिकाम्या बरण्या. कोणी विचारलंच तर मार्गा तिथे झोपते, असं ठरलेलं होतं. पण एकोणीस वर्षांत कोणी स्वयंपाकघराच्या पुढे आलंच नव्हतं. "मग तूच त्या खाटेवर पड ना," मार्गा म्हणाली, "आतल्या खोलीत त्यांना नेऊच नकोस." ओतिलियानं हाही विचार केलेला होता, दाराला पाठ लावून उभी असतानाच केला होता. "आजारी माणूस घडीच्या खाटेवर आणि धडधाकट बहीण पलंगावर? साफ्ता विचारेल. तिनं म्हटलंय, पलंगावर पड म्हणून." मार्गानं हातातली मिरची खाली ठेवली. मग ओतिलियाकडे बघून, पण रागानं नाही, तिनं विचारलं, "आणि मत?" "कोरी चिठ्ठी टाकीन. किंवा 'नाही'वर मारीन शिक्का. कोणाला कळणार आहे?" "तुला त्या तीसमध्ये धरतील." "एका मतानं काय होतंय, मार्गा!" "काही होत नाही," मार्गा म्हणाली. "खाट घालते मी. पण ऐकून ठेव ओती, मी ती एकदाच घालणार. तू आपल्या पलंगावर पडून त्यांच्या पेटीत चिठ्ठी टाकलीस, तर मग मी ती काढायची नाही. मग ती माझीच खाट. मी चुलत बहीण तर चुलत बहीण." तिनं हात धुतले, पुसले आणि खरंच कामाला लागली.

मार्गा कुठलंही काम अर्धवट करत नसे. तिनं बरण्या उतरवल्या, खाट उलगडली, चादर घातली, चादरीवर लोळून सुरकुत्या पाडल्या. पलंगाच्या आपल्या बाजूची उशी नेली, चष्मा नेला, हातांना लावायचं मलम नेलं, पाण्याचा पेला नेला, चपला नेल्या. भिंतीवरचा दोघींचा सुलिनाच्या किनाऱ्यावरचा फोटो काढून कपाटात पालथा घातला, आणि भिंतीवर राहिलेला फिका चौकोन झाकायला तिथे कॅलेंडर लावलं. ओतिलिया पलंगावर बसून हे सगळं जाताना बघत होती. तिला वसतिगृहातली लिदिया आठवली. साल सत्त्याऐंशी. शनिवारी लिदियाला कार्यालयात बोलावलं, आणि सोमवारी सकाळी तिच्या खाटेवरची गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली होती. बस, एवढंच. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. ओतिलिया त्या गादीसमोरून सहा आठवडे रोज दात घासायला जात असे आणि मान वळवत नसे. लिदियाच्या मनात ओतिलियाविषयी काही होतं का, किंवा ओतिलियाच्या मनात लिदियाविषयी, हेसुद्धा तिला कधी धड कळलं नाही. कळायच्या आतच तिला कळून घ्यायची भीती बसली. बाई गं, किती भ्याले मी आयुष्यात, तिला वाटलं. पोलिसांना भ्याले, पोलीस गेल्यावर फादरला भ्याले, फादर स्वयंपाकघरात येऊन धूप फिरवून गेले तेव्हा न्हाणीघरातल्या दात घासायच्या दोन ब्रशांना भ्याले. तेव्हाही त्यातला एक ब्रश तिनं खिशात लपवला होता. मार्गानं तो रात्री तिच्या कोटातून काढला, धुतला आणि परत पेल्यात ठेवला होता.

दोन वाजले. अडीच वाजले. ओतिलियानं झोपायचा झगा घातला आणि गुडघ्याला कोबीचं पान बांधून पलंगावर पडली. पान गार होतं, मग कोमट झालं, मग त्याला वास यायला लागला. जिन्यात कुठे दार वाजलं की ती डोळे मिटून घ्यायची. तिला तिचे वडील आठवले. पंच्याऐंशी सालच्या निवडणुकीत त्यांना ताप होता आणि ते दुपारपर्यंत गेले नाहीत, तेव्हा दोन माणसं पेटी घेऊन घरी आली होती. अगदी हसतमुख. "कॉम्रेड, तुमच्याशिवाय शंभर टक्के कसे व्हायचे?" वडील पांघरुणातून हात बाहेर काढून चिठ्ठी टाकताना हसले होते, आणि माणसं गेल्यावर ओकले होते. आता ती पेटी नव्हती, आता कोणी सक्ती केलेली नव्हती, कायद्यानं ती खुशाल नको म्हणू शकत होती. मग हे पोट तेच का होतं? पियानोच्या खोलीतून खाटेची करकर ऐकू आली. मार्गा तिच्यावर जाऊन पडली होती. एका घरात दोन खोल्यांत दोघी पडून राहिल्या होत्या. ओतिलियाला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारून काय सांगायचं? ये म्हणायचं, तर खाट काढ म्हणावं लागेल. खाट काढ म्हटलं, तर मग ते आल्यावर बोलावं लागेल. तिनं मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिलं. मी मत देणार नाही. हे म्हणता येईल. का? असं साफ्ता विचारेल. त्या 'का'च्या पुढे तिला काही दिसतच नव्हतं, तिथे सगळा धूर होता.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी घंटा वाजली. आधी साफ्तामावशीचा आवाज आला, "या, या, पाय पुसायची गरज नाही, मार्गा, मुरांबा काढ गं पाहुण्यांना!" मग पावलं. तीन माणसं त्या खोलीत शिरली, जिथे आजवर तिसरं माणूस आलेलंच नव्हतं. पुढे समितीचा अध्यक्ष कोझ्मा, शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर, ढेरपोट्या, चार जिने चढून घामाघूम झालेला. मागे गळ्यात साखळीचा चष्मा घातलेल्या एक बाई, हातात याद्यांची फाइल. आणि सगळ्यांत मागे साफ्ता, स्वतःच्या घरातलं लग्न असावं तशी खूश. "उठू नका, अजिबात उठू नका," कोझ्मा म्हणाला. पेटी पांढरी होती, सीलबंद, बुटाच्या खोक्याहून थोडी मोठी. इकडेतिकडे बघून त्याला जागा दिसेना, तेव्हा त्यानं ती पलंगावरच ठेवली, रिकाम्या बाजूला, जिथून मार्गाची उशी नेली होती तिथे. गादी त्या बाजूला एवढीशी दबली. ओतिलियाला ते अंगभर जाणवलं.

चष्म्याच्या बाईंनी यादीत बोट फिरवलं. "ओतिलिया व्रंचानू. बरोबर. ओळखपत्र द्या. आणि याच पत्त्यावर दुसरं नाव आहे, मार्गारेता दुमा. त्या?" "मी," दारातून मार्गा म्हणाली. तिच्या हातात तबक होतं, चेरीचा मुरांबा, लहान चमचे, गार पाण्याचे पेले; कोणीही घरात आलं तरी हे द्यावंच लागतं, गळा कापायला आलेल्यालासुद्धा. "तुमची तब्येत तर ठणठणीत दिसते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शाळेत यावं लागेल हं, नऊपर्यंत." मार्गानं तबक पुढे केलं. "घ्या," एवढंच म्हणाली. कोझ्मानं मुरांबा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि "वा!" म्हणाला. मग त्यानं चिठ्ठी आणि शिक्का ओतिलियाच्या मांडीवर ठेवला आणि सभ्यपणे खिडकीकडे तोंड केलं. "आम्ही बघत नाही. सावकाश." बाई फाइलमध्ये काही लिहीत होत्या; लिहिता लिहिता, केवळ वेळ जावा म्हणून, त्यांनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

ओतिलियानं तोंड उघडलं. शब्द तिथेच होता, जिभेवर, एकोणीस वर्षं तिथेच बसलेला. पण तिच्या आधी साफ्ताच बोलली. "चुलत बहीण हो! असं प्रेम सख्ख्यांतही बघायला मिळायचं नाही. दोघींचे आजोबा एकच, माचिनचे, बोटीवर होते. काय माणूस! पुरात गाय वाहून गेली तर तीन दिवस जेवले नाहीत. मी पाहिलेलं नाही त्यांना, पण मला वाटतं मी ओळखते. दर वर्षी पितरांच्या शनिवारी माझ्या माणसांबरोबर त्यांच्याही नावानं मेणबत्ती लावते मी. या दोघी कुठे जातात देवळात! म्हटलं, बिचाऱ्याचा आत्मा अंधारात राहायला नको." तिनं हे ओतिलियाकडे बघून सांगितलं, जरा लाजून, लपवलेली भेट उघडी पडावी तशी. ओतिलियाला हे माहीत नव्हतं. ती म्हातारी दर वर्षी गारठ्यात उभी राहून, कोणीच नसलेल्या माणसासाठी मेणबत्ती लावत होती. तिनं मार्गाकडे पाहिलं. मार्गा तबक धरून उभी होती, आणि तिचा चेहरा खोक्यामागे असावा तसा दिसेनासा झाला होता, समोर असून.

"नाही," ओतिलिया म्हणाली.

कोझ्मा गर्रकन वळला. "अहो बाई! मोठ्यानं नका सांगू! मत गुप्त असतं!" आणि तो हसायलाच लागला. चष्म्याच्या बाईही हसल्या. साफ्ता मात्र घाबरून पुढे आली. "नाही? अगं पोरी, 'नाही' कुठे म्हणतेस, 'हो'वर मारायचा शिक्का! तिला प्रश्न कळला नाही हो, दुखण्यानं डोकं चालत नाहीये. हे बघ, आई-बाप-लेकरं, हो. एवढं सोपं आहे." तिघंही तिच्याकडे बघत होती, मायेनं, हसत. दार सताड उघडं होतं. बाहेर पडायला किती सोपी वाट! हसायचं, शिक्का मारायचा, चिठ्ठी दुमडायची. त्यांनीच तिची सुटका करून टाकली होती. भीती काही कमी झाली नाही. कमी होईल म्हणून ती जन्मभर थांबली होती, ती कधी व्हायचीच नव्हती. "मी मताचं नाही बोलले," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "मार्गा माझी बहीण नाही. चुलत नाही, मावस नाही, कुठलीच नाही. ती पेटी तिथून उचला. ती तिची जागा आहे."

काही क्षण कोणालाच काही उमगलं नाही. मग कोझ्माला उमगलं. त्याच्या मानेवर खालून वर लाली चढत गेली आणि त्यानं पेटी अशी झटकन उचलली जणू पलंगावर कोणी झोपलेलं होतं. "म्हणजे... मत देणार नाही?" त्यानं पेटीकडे बघत विचारलं. "नाही." "मग सही पण नको. काही नको. ठीक आहे. हक्क आहे तुमचा." त्यानं मांडीवरची चिठ्ठी आणि शिक्का उचलला. चष्म्याच्या बाई फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागल्या होत्या, आणि त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. एका नावापुढे लिहिण्यासारखं एवढं काय असतं? ओतिलियाला ते विचारायचं धैर्य झालं नाही. पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला हवं, या जुन्या सवयीनं ती पलंगावरून उतरली आणि चालायला लागली. तीन पावलं गेल्यावर साफ्ता किंचाळली.

"तू चालतेस?"

ओतिलिया थांबली. कोबीचं पान सुटून घोट्यावर आलं होतं. "पाय बरा आहे माझा, मावशी. दुखत नव्हताच." "दुखत नव्हता?" साफ्ता म्हणाली. "आणि मी चार दिवस तुझ्यासाठी पानं आणत होते? डॉक्टरीणबाईंसमोर शपथ घेतली मी, म्हटलं, पोर वेदनेनं रडते! खोटी सही केली मी तुझ्यासाठी, सत्तराव्या वर्षी! आणि तू मजेत! खोटारडी! खोटारडी कुठली!" दुसऱ्या गोष्टीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कदाचित ती तिच्या तोंडात मावत नव्हती; पाय मावत होता, म्हणून ती पायावर तुटून पडली. कोझ्मा आणि बाई जिन्यावरून जवळजवळ पळालेच. साफ्ता दाराशी पोचली, थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, एकदम हळू, "आजोबा? ते तरी होते का?" ओतिलिया म्हणाली, "नाही, मावशी." साफ्तानं मान हलवली, कोणी आत्ताच गेल्याची बातमी ऐकावी तशी. मग समोरचं दार लागलं, आणि आतून किल्ली दोनदा फिरली. दिवसाउजेडी ती कधी किल्ली लावत नसे.

ओतिलिया उंबऱ्यात उभी राहिली. खाली दुसऱ्या मजल्यावर कोझ्माचं कोणाशी तरी बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते, मग एक बाईमाणूस "अगं बाई!" म्हणालं, आणि तेवढंच स्वच्छ ऐकू आलं. झालं. आता शिंपीण, आता सून, आता कोट. "मी काय करून बसले, मार्गा?" ती म्हणाली. मार्गा मागे येऊन उभी राहिली होती, तिच्या अंगाला मिरच्यांचा वास येत होता. ती रडली नाही, मिठी मारली नाही, शाबास म्हणाली नाही. तिनं खुंटीवरून दोघींचे कोट काढले. "चल, नदीपर्यंत जाऊन येऊ," म्हणाली. "आत्ता?" "आत्ताच. उद्यापर्यंत थांबलीस तर तू कधीच उतरायची नाहीस." ओतिलियानं झग्यावरच कोट चढवला, पायात बूट घातले, आणि चौथ्या मजल्याच्या पहिल्या पायरीवर येऊन थबकली. मार्गानं नेहमीसारखं कोपर पुढे केलं. एकोणीस वर्षं दोघी दर रविवारी अशाच कोपरात हात घालून नदीकाठी हिंडल्या होत्या, सगळ्या गावादेखत, आणि कधी कोणी वळून पाहिलं नव्हतं, कारण त्या बहिणी होत्या. ओतिलियाला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आज त्या कोपराकडे बघून तिनं कठडा धरला. खालची कुजबुज थांबली होती. कोणीतरी वर यायला लागलं होतं, एकेक पायरी, सावकाश. ओतिलियानं कठडा सोडला आणि मार्गाच्या कोपरात हात घातला. "पायरी बघ," मार्गा म्हणाली, आणि दोघी उतरू लागल्या.